डाग, वेढणं आणि बिस्कीट

उसाचे बिल खात्यावर पडले की त्याच्या वाटा ठरलेल्याच असतात. सोसायटीचा हप्ता कापून जातो, खताच्या दुकानाची उधारी आपण होऊन देतो, आणि मागे काही उरलेच तर घरातल्या मंडळींना बारामतीच्या सराफाची पेढी आठवते. दिवाळीच्या बिलाला तर हे हमखास. यात वावगे काही नाही. कऱ्हाटीतल्या शेतकऱ्याला पाऊस कधी नीट पावला नाही, तेव्हा चार पैसे पिवळ्या धातूत घालून ठेवायची सवय त्याला आजची नव्हे.

गेल्या उन्हाळ्यात मात्र एक प्रसंग असा घडला की त्यावर सभासद बंधूंसाठी चार ओळी लिहाव्यात असे आम्हांला वाटले. आमच्या गटातले एक सभासद गट ऑफिसात आले. लागणीच्या उसाला ठिबक करायचे होते, त्यातच विहिरीवरची मोटार जळाली. त्यांनी चार वर्षांपूर्वी बिलाच्या पैशातून ५० ग्रॅमचे सोन्याचे बिस्कीट घेऊन ठेवले होते. ते घेऊन ते एका बँकेत तारण कर्ज मागायला गेले. तिथल्या साहेबांनी बिस्कीट हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि परत दिले. म्हणाले, दागिना आणा, उभ्या उभ्या कर्ज देतो. हे चालत नाही.

"अहो, दागिन्यात तांबं असतं ते यांना चालतं, आणि हे नुसतं चोवीस कॅरट सोनं चालत नाही. हा कुठला न्याय?" सभासद तावातावाने विचारत होते. आम्हांलाही त्या दिवशी उत्तर देता आले नाही. पुढे बारामतीतल्या एका जुन्या सराफांकडे आणि बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडे बसून विचारपूस केली, थोडे वाचले.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे दागिन्याला 'डाग' म्हणतात. डाग म्हणजे घडलेले सोने. त्याच्या अलीकडे जे असते ते अनघड सोने. त्याची लगड असते, कांब असते, पासा असतो, चीप असते, आणि आता सगळ्यांच्या तोंडी असलेले बिस्कीट. पाडव्याला किंवा गुरुपुष्याला गुंजभर शुद्ध सोन्याची तार वळवून घ्यायची, तिला वेढणं म्हणतात. अशी वेढणी साठवून पुढे लेकीच्या लग्नात त्याचे काहीतरी करायचे, ही चाल अजून आहे. चांदीचे मोठे तीसेक किलोचे पाट येतात त्यांना सराफ बाजारात चोरसा म्हणतात. या कशावरही राजमुद्रा नसते, म्हणून ते नाणे नव्हे. गंमत अशी की आपल्याकडे परके नाणेही टिकले ते दागिना होऊन. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी ही मुळात इटलीतल्या व्हेनिस शहराचे नाणे. व्यापारात इथे आले, त्यावरच्या उभ्या माणसांना आपल्या लोकांनी पुतळी म्हटले, आणि बाईच्या गळ्यात जाऊन बसले.

वजनाचेही तसेच. जुन्या मापात ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा. हा तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफ तोळा म्हणतो तो १० ग्रॅमचा. आजीची पाटली 'पाच तोळ्यांची होती' आणि आता ती पाचाहून जास्त भरते, म्हणून सराफाचा काटा मेहेरबान आहे असे समजू नये!

शुद्धतेचे गणित ऊस घालणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. काट्यावर भरतो तो ऊस, आणि पोत्यात पडते ती साखर. मधला हिशेब उताऱ्याचा. सोन्याचेही उतारा पाहूनच पैसे होतात. २२ कॅरट म्हणजे शंभरात ९१.६ सोने. ५० ग्रॅमच्या डागात चोख सोने ४५.८ ग्रॅम, बाकी तांबे-चांदी. १८ कॅरटमध्ये ७५ टक्के. नुसत्या चोख सोन्याचा डाग टिकत नाही, मऊ असतो, वाकतो, झिजतो. म्हणून तांबे घालावे लागते. त्यात लबाडी नाही. लबाडी असते ती सांगतो एक आणि घालतो एक यात. शिवाय बोरमाळेचे मणी आणि काही गोठ आतून लाखेने भरलेले असतात. काट्यावर लाखही भरते.

सराफ बाजारात या उताऱ्याला 'टंच' म्हणतात. तो काढणारी माणसे कोण, हे ऐकून आमच्या बऱ्याच सभासदांना नवल वाटेल. ती आपल्यासारखीच शेतकऱ्याची पोरे. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, विटा, कवठेमहांकाळ, जतकडचा भाग, साताऱ्यातले माण-खटाव, सोलापुरातले सांगोले, हा सारा दुष्काळी टापू. जमीन आहे, पाणी नाही. तिथली माणसे सोनेचांदी गाळण्याच्या धंद्यात शिरली आणि देशभर पसरली. त्यांना गलाईवाले म्हणतात. केरळ, तामिळनाडू, पंजाब, उत्तर प्रदेश, बंगाल, कुठल्याही मोठ्या गावच्या सराफ बाजारात जा, एखाद्या बोळात भट्टी पेटलेली आणि आत मराठी बोलणे ऐकू येईल. गावाकडे त्यांनी डाळिंबाच्या, द्राक्षाच्या बागा उभ्या केल्या, देवळे बांधली. आपल्याला नीरेच्या कालव्याने वाचवले. १८८५ साली डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूरला ऊस दिसला. ज्यांच्या वाट्याला कालवा आला नाही, त्यांनी भट्टी धरली.

काम कसे चालते तेही पाहण्यासारखे आहे. मोडीचे सोने मुशीत वितळवतात. त्यात जाणूनबुजून चांदी घालतात, एक भाग सोन्याला साधारण तीन भाग चांदी. ऐकणाऱ्याला वाटते हा उलटाच धंदा; शुद्ध करायचे तर चांदी कशाला? पण मेख तिथेच आहे. शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये, चांदी आणि तांबे विरघळते, सोने विरघळत नाही. सोने जास्त असले तर आतल्या चांदी-तांब्यापर्यंत तेजाब पोचतच नाही. चांदी भरपूर असली की सगळे हीण विरघळून निघते आणि तळाला राहतो तपकिरी गाळ. तो सोन्याचा, पण बघणाऱ्याला चहाची पूड वाटावी असा. तो धुवायचा, सवागी टाकून पुन्हा वितळवायचा, की लखलखीत पिवळी लगड हातात येते. या रीतीने काढलेले म्हणून 'तेजाबी' हा शब्द बाजारभावात रुळला. विरघळलेली चांदीही वाया जात नाही. त्या पाण्यात तांब्याचे पत्रे सोडले की चांदी पुन्हा खाली बसते. भट्टीतला केर, सोनाराच्या दुकानातली झाडलोट, हीसुद्धा फेकत नाहीत. ती धुऊन कण काढणाऱ्या लोकांना पूर्वीपासून झारेकरी म्हणत आले आहेत. आपल्या कारखान्यात बगॅस जाळतात, मळीची दारू करतात आणि प्रेसमड शेतात घालतात, तोच हा प्रकार.

एवढे मात्र सांगितले पाहिजे की तेजाबातून निघणारा तांबूस धूर फुप्फुसाला फार वाईट. बंद खोलीत, बोळात, धुराडे नीट नसताना वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्या पोरांच्या छातीची काय गत होते, हे दागिना घालणाऱ्याला दिसत नाही.

आता सरकारची गोष्ट. वाचकांपैकी जे साठीच्या पुढचे आहेत त्यांना 'सुवर्ण नियंत्रण' हा शब्द आठवत असेल. १९६२ च्या चीन युद्धानंतर परदेशी चलनाची चणचण होती. सोने बाहेरून येते, त्याला डॉलर-पौंड मोजावे लागतात. तेव्हा मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. १९६३ च्या जानेवारीत नियम निघाले. नवा दागिना १४ कॅरटच्या वर करायचा नाही, आणि नुसती लगड-कांब सामान्य माणसाने नव्याने घ्यायची नाही, जवळ असेल ती सरकारला कळवायची. चौदा कॅरटचे सोने लोकांना रुचले नाही. सोनारांची तर चूलच विझली. गावोगावचे कारागीर रस्त्यावर आले, काहींनी जीव दिला. १४ कॅरटची अट १९६६ साली उठली. पण १९६८ साली सुवर्ण नियंत्रण कायदाच झाला आणि अनघड सोन्यावरची बंदी पक्की झाली. कायद्याने त्याला 'प्राथमिक सोने' म्हटले. त्यात लगड, पाट, कांब, पत्रा, एवढेच काय तारसुद्धा आली. डाग ठेवायला मुभा होती. एका माणसाकडे २ किलोच्या वर आणि कुटुंबाकडे ४ किलोच्या वर दागिने असतील तरच ते सरकारला कळवायचे. आपल्यापैकी कुणाला ती चिंता करावी लागली असेल असे वाटत नाही.

कायद्याने लोकांची हौस थांबली नाही. माल चोरट्या वाटेने आला. आखाती देशांतून गलबताने कोकणच्या किनाऱ्याला उतरणारे ते दहा तोळ्यांचे बिस्कीट, ११६.६४ ग्रॅम वजनाचे. 'बिस्कीट' हा शब्द आपल्या घराघरात पोचला तो या चोरट्या मालामुळे आणि हिंदी सिनेमामुळे. १९७० च्या आसपास दहा ग्रॅमचा भाव दोनशे रुपयांच्या घरात होता. ती दोन दशके हे असेच चालले. शेवटी जून १९९० मध्ये कायदा रद्द झाला आणि लगड, बिस्कीट घरात ठेवणे गुन्हा राहिला नाही.

पुढच्याच वर्षी नियतीने चेष्टा केली. १९९१ मध्ये देशाच्या तिजोरीत परदेशी चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते उरले. मे महिन्यात सरकारने चोरट्या व्यापाऱ्यांकडून जप्त केलेले २० टन सोने परत विकत घेण्याच्या अटीवर स्वित्झर्लंडच्या बँकेला दिले. जुलैत रिझर्व्ह बँकेने आणखी सुमारे ४७ टन सोने विमानाने इंग्लंडला पाठवून तिथल्या व जपानच्या बँकेकडे तारण ठेवले. त्यावर चाळीस कोटी डॉलरच्या आसपास मिळाले. देशभर हळहळ झाली. आम्हांला मात्र त्यात परके काही वाटले नाही. बायकोच्या पाटल्या पदराखाली झाकून सावकाराच्या ओट्यावर जाणे कशाला म्हणतात, ते आपल्या भागाला ठाऊक होते. फरक एवढाच की सरकारचे सोने लगडीत होते, आणि जगाच्या बाजारात लगड चालते. लंडनच्या बाजारात मान्य असलेली वीट साधारण साडेबारा किलोची असते. तिचा नंबर, वजन, टंच पाहून सौदा होतो, घडणावळीचा प्रश्न येत नाही. देशाने ते सोने सोडवले. २००९ साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन विकतही घेतले. २०२४ साली इंग्लंडमध्ये ठेवलेले सुमारे १०० टन सोने घरी आणले.

सावकाराचा विषय निघालाच आहे तर सुप्याचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कऱ्हाटीपासून सुपे ते काय लांब! १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या गावी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि कर्जाची खते जाळली. ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. ध्यानात घेण्यासारखे हे की लोकांचा राग कागदावर होता. अडाणी माणसाने अंगठा दिलेला कागद. त्यावर काय लिहिले ते लिहिणाऱ्यालाच माहीत. १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला तो यातूनच. गहाणाचा डाग निदान डोळ्याने दिसतो, कागद वाचता यावा लागतो. आजही सोने तारण ठेवताना लोक डागाकडे पाहतात आणि कागदाकडे पाहत नाहीत.

तर आता बँकेच्या साहेबांचे उत्तर. ते चुकले नव्हते. रिझर्व्ह बँकेने अनघड सोन्यावर कर्ज देण्यास बँकांना मनाई केलेली आहे, आणि जून २०२५ मध्ये जे नवे निर्देश निघाले त्यांतही ती कायम ठेवली आहे. लगड, बिस्कीट, चांदीचा पाट यांवर कर्ज नाही. दागिन्यांवर आहे, एका कर्जदाराला १ किलोपर्यंत. सोन्याच्या नाण्यांना ५० ग्रॅमपर्यंत मुभा. कारण ऐकले तर पटण्यासारखे आहे. डाग हा संसारातला, अडचणीला काढायचा. बिस्कीट हा साठ्याचा माल. त्यावर बँका पैसे देऊ लागल्या तर लोक बिस्कीट ठेवून पैसे उचलतील, त्या पैशाने दुसरे बिस्कीट घेतील, आणि सगळे डॉलर सोन्यामागे जातील. १९६३ सालची भीती ती हीच, फक्त आता ती बँकेच्या नियमात राहिली आहे.

त्याच निर्देशांत आपल्या उपयोगाच्या आणखी काही गोष्टी आहेत. एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची शेवटची मुदत ठरलेली. घरखर्चासाठी घेतलेले अडीच लाखांपर्यंतचे कर्ज सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत, पाच लाखांपर्यंतचे ८० टक्के, त्यावरचे ७५ टक्के. किंमत धरतात ती फक्त सोन्याची. खडे, लाख, घडणावळ हिशेबात नाही. कर्ज पूर्ण फिटल्यावर डाग सात कामकाजाच्या दिवसांत परत मिळाला पाहिजे, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण 'साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या' हे वाक्य कितीजणांनी ऐकले असेल!

मग घ्यावे काय, डाग की बिस्कीट? हिशेब मांडून पाहा. समजा शंभर रुपयांचे सोने आहे. डागाची घडणावळ दहा रुपये धरली तर एकशेदहा, त्यावर तीन टक्के जीएसटी, म्हणजे एकशेतेरा रुपये तीस पैसे. उद्या मोडायला गेलो तर भाव तोच असला तरी शंभरच्या आतच हाती येतील. बिस्किटाला शंभरावर तीनच रुपये पडतात. म्हणजे निव्वळ साठवायचे तर बिस्कीट परवडते. पण नड आली तर ते विकावेच लागते, गहाण पडत नाही. डाग महाग पडतो, पण आज बँकेत ठेवून गळीत हंगामात सोडवून आणता येतो.

आमच्या मंडळींपुढे हा हिशेब मांडला, तर त्यांनी तो एका वाक्यात उडवून लावला. "डाग माझ्या अंगावर असतो. बिस्कीट तुमच्या कपाटात." आम्ही गप्प बसलो. कायद्याने स्त्रीधन बाईचेच. पण माहेरचे वेढणं सासरच्या तिजोरीत गेले आणि तिथून एके दिवशी ट्रॅक्टरचा हप्ता होऊन बाहेर पडले, हे आमच्या पाहण्यात आहे. गळ्यातली बोरमाळ काढून घ्यायला निदान मागावी लागते. आमच्या वडीलधाऱ्यांच्या वेळी, १९५० नंतरच्या दशकात माळेगाव, भवानीनगर इकडे कारखाने उभे राहिले तेव्हा, शेअरच्या रकमेसाठी डाग मोडल्याच्या गोष्टी आम्ही घरात ऐकल्या. शेअर सर्टिफिकेटावर नाव मात्र बहुधा पुरुषाचे लागले.

घेताना काय पाहायचे तेही थोडक्यात. डागावर हॉलमार्क हवा. जून २०२१ पासून ठराविक जिल्ह्यांत तो सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा वेगळा क्रमांक नसलेला हॉलमार्कचा डाग विकता येत नाही. मोबाईलवर बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये तो क्रमांक घातला की डागाची कुंडली दिसते. घरातल्या शाळेतल्या पोराला सांगा, तो करून देईल. बिस्किटावर गाळणाऱ्या कंपनीचा शिक्का, वजन, टंच आणि नंबर पाहा, वेष्टण फोडू नका. टंगस्टन नावाचा धातू वजनाला जवळजवळ सोन्याइतकाच जड असतो. तो पोटात घालून वरून सोने चढवलेल्या विटा जगात सापडल्या आहेत. तेव्हा नुसत्या जडपणावर जाऊ नका. पक्के बिल घ्या.

आणि हे तर हात जोडून सांगायचे. खोदकामात सोन्याची वीट सापडली, सोनाराकडे नेता येत नाही, तुम्हांला स्वस्तात देतो, म्हणून कुणी अनोळखी माणूस रानात आला तर त्याला उभा करू नका. तो पहिल्यांदा दाखवतो तो तुकडा खरा असतो, घरी येते ते पितळ. खरेच काही सापडले असते तरी १८७८ च्या कायद्याने ते कलेक्टरला कळवावे लागते, विकता येत नाही. दुसरे, दागिने उजळून देणारे. दुपारी पुरुष रानात असताना दारात येतात, पाटल्या कसल्याशा पाण्यात बुडवतात, चकचकीत करून देतात. त्या पाण्यात सोने विरघळणारे तेजाब असते. पाटली हलकी होते आणि पाण्याचे भांडे त्यांच्याबरोबर जाते.

आमच्या त्या सभासदांचे काय झाले? बिस्कीट विकायचे ठरले. सराफांनी बिल मागितले. बिल सापडेना. दोन दिवस घर उलटेपालटे केले, शेवटी ते मिळाले कारखान्याच्या वजनपावत्यांच्या डब्यात, २०२१-२२ च्या हंगामाच्या गठ्ठ्यात. भाव मधल्या काळात दुपटीच्या आसपास गेला होता, २०२५ साली तर दहा ग्रॅमला लाखाच्या वर. त्यांनी २० ग्रॅमचे पैसे घेतले, मोटार आणि ठिबक त्यात बसले. उरलेल्या ३० ग्रॅमच्या पाटल्या करायला टाकल्या आहेत. माप द्यायला घरच्या मंडळी स्वतः गेल्या होत्या.